शिळं पाणी आणि सम्राटाचे डोळे

माझा चष्मा उणे नऊचा. काच इतकी जाड की दुकानदारानं ती पहिल्यांदा बसवली तेव्हा फ्रेमनंच हात टेकले. शाळेत असताना एकदा मी चष्मा गच्चीवर विसरलो, तर शेजारी वाळत घातलेले पापड भाजून निघाले. उणे नंबरच्या काचेनं ऊन एका जागी गोळा होत नाही, असं विज्ञानाच्या मास्तरांनी मला फळ्यावर काढून दाखवलं होतं. आकृती त्यांची बरोबरच होती. फक्त उस्मानपुऱ्यातलं एप्रिलचं ऊन त्यांना आकृतीत घेता आलं नाही.

चष्म्याच्या बाहेरून माझे डोळे मोहरीएवढे दिसतात. आणि चष्मा काढला की मला माणूस आणि विजेचा खांब यांत फरक एवढाच कळतो, की खांब हलत नाही. आमच्या गल्लीत काही माणसंही हलत नाहीत, त्यामुळं तीही खूण भरवशाची नाही.

अशा माणसाला सम्राट व्हायचं होतं.

सांगतो. दरवर्षी जयंतीच्या आठवड्यात आमच्या विहारासमोरच्या मैदानात आमची गल्ली एक नाटक करते. दरवर्षी तेच. कलिंगची लढाई जिंकलेला सम्राट रणांगणावर येतो, पडलेली माणसं बघतो, त्याचं काळीज फाटतं, तो तलवार टाकतो आणि बुद्धाला शरण जातो. नाटक गल्लीतल्याच एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलेलं, बसवतातही तेच. त्यांना सगळे सर म्हणतात. मी या नाटकात लहानपणापासून आहे. आधी बरीच वर्षं प्रेत होतो. प्रेताला चष्मा चालत नाही, पण प्रेताला काही बघायचंही नसतं, त्यामुळं ते काम मी फार मन लावून केलं. इतकं, की एका वर्षी मला खरंच झोप लागली आणि पडदा पडल्यावर लोकांनी मला सतरंजीबरोबर गुंडाळून विहारात नेऊन ठेवलं. पुढं बढती मिळून मी द्वारपाल झालो. पण डोळा सम्राटावर होता. असेल तेवढा.

सम्राट होते दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. मूळचे सिल्लोडचे, पण लग्नानंतर आमच्याच गल्लीत समोर घर घेऊन राहिले आणि जावयाचा मान रोजच्या रोज, घरपोच घ्यायला लागले. आवाज भरदार, मिशी भरदार, पोट त्याहून भरदार. त्यांचं सम्राटपद असंच चाललं असतं, पण मागच्याच्या मागच्या जयंतीला भिक्खूंसमोर त्यांनी गुडघे टेकले ते टेकलेच. उठवायला रणांगणावरची प्रेतं उठली, तरी उठेनात. शेवटी मंडपवाल्याला बोलावलं. लोकांनी वन्समोअर दिला.

त्यावर सरांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी सम्राट मी. दाजींना सेनापती केलं, कारण सेनापतीला गुडघे टेकायचे नसतात. पहिल्या तालमीला दाजी माझ्याकडं निरखून बघत सरांना म्हणाले, "सर, एक शंका. पाटलीपुत्रात चष्म्याचं दुकान होतं का?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"चष्मा काढून कर बरं," ते म्हणाले.

काढला आणि केलं. दरबारात प्रवेश केला, महामंत्र्यांना आलिंगन दिलं. ते महामंत्री नव्हते, पाण्याचा ड्रम होता. उन्हाळ्यात थंडगार लागला, म्हणून मी जरा जास्तच वेळ दिलं. मग सेनापतीच्या हाती तलवार सोपवली, ती माईकच्या स्टँडला. आणि "हे वीरांनो" म्हणून जे भाषण ठोकलं ते सगळं मागच्या पडद्याकडं तोंड करून. पडद्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

दाजी म्हणाले, "मला काय, मला संवाद पाठच आहेत. गरज लागली तर सांगा. लोकांचं काम हाय."

सरांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, डोळ्यात घालायच्या त्या लेन्स असतात, त्या बघ. नाहीतर दाजींच्या गुडघ्याला पट्टा बांधू."

झालं. सम्राटपद आता दोन पारदर्शक चकत्यांवर येऊन ठेपलं होतं.

पैठणगेटच्या बाजूला डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडं गेलो. त्यांचं बोलणं मराठी, पण मधूनमधून आपल्या इथल्या दखनीची फोडणी. त्यांनी माझे डोळे तपासले, माप घेतलं, आणि थोड्या दिवसांनी लेन्स आल्यावर समोर बसवून शिकवायला घेतलं.

लेन्स म्हणजे कांद्याच्या आतला पापुद्रा असतो ना, तसली. बोटाच्या टोकावर घ्यायची आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या डोळ्यात घालायची. हे काम मला सांगितल्यावर माझा डोळा, महानगरपालिकेची अतिक्रमणवाली गाडी दिसल्यावर हातगाडेवाले जसे गायब होतात, तसा गायब झाला. पापण्या ताणल्या, चिमटीत धरल्या, शपथा घातल्या. डोळा उघडेना. दवाखान्यात आलेली माणसं आपापले आजार विसरून बघत बसली. एका म्हाताऱ्याचा मोतीबिंदू हसून हसून तिथंच पिकला.

"किसको डरते जी तुम्ही?" बाई म्हणाल्या. "तुमचंच बोट आहे, तुमचाच डोळा आहे."

"म्हणूनच डरतोय मॅडम. दोघांना मी चांगला ओळखतो."

तास-दीड तासानं एकदाची बसली. आणि काय सांगू. भिंतीवरची पाल दिसली. पालीच्या तोंडातली माशी दिसली. माशीच्या तोंडावरची नाराजी दिसली. मी उठून नाचायला लागलो, तर बाईंनी खाली बसवलं.

"अब नीट ऐका. लेन्सला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे, कोरडे करायचे. काढल्यावर लेन्स हातावर घेऊन ह्या सोल्युशननं चोळून धुवायची, मग डबीत नवीन सोल्युशन टाकून त्यात ठेवायची. कालचं आज वापरायचं नक्को, कालच्यात आजचं मिसळायचं पण नक्को. लेन्स घालून झोपायचं नक्को, आंघोळ नक्को. डबी तीन महिन्यांत बदलायची. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं, तर लेन्स काढायची आणि सीधे इथं यायचं. आणि पाणी लावायचं नाही. कुठलंच."

"नळाचं?"

"नक्को."

"फिल्टरचं?"

"नक्को."

"उकळून गार केलेलं?"

"नक्को बोली ना. कायकू इतके पाण्याच्या मागं लागले तुम्ही?"

"मॅडम, आम्ही इथली माणसं. पाण्याशिवाय दुसरं काय येतं आमच्या डोक्यात?"

"मी पण इथलीच आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं कालच आलं. आणि चष्मा फेकून देऊ नका. कायम जवळ ठेवायचा."

ही पाण्याची गोष्ट बाहेरगावच्या वाचकांना नीट समजावून सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरानं, आणि आलं की कधी जाईल हे पाण्यालाही माहीत नसतं. त्यामुळं "पाणी आलं" ही हाक ऐकू आली की माणूस हातातलं काम टाकतो. न्हावी अर्धी दाढी टाकून पळाल्याचं मी पाहिलंय. त्या अर्ध्या दाढीवाल्याला नंतर पुढच्या पाण्यापर्यंत तसंच फिरावं लागलं. आणि घरात जे जे पोकळ आहे ते ते भरायचं. ड्रम, हंडे, कळशा, बादल्या, मग कुकर, मग डबे, मग पेले, मग वाट्या. आमच्या शेजाऱ्यांकडं एकदा पाहुणे दाराशी बूट काढून बसले होते. निघताना बुटात पाणी. पाहुणेही इथलेच, त्यांनी ते सांभाळून घरी नेलं.

आणि भरण्याआधी एक रीत असते. आधीचं उरलेलं पाणी ओतून द्यायचं. ते शिळं. शिळ्या पाण्यात ताजं पाणी मिसळायचं नाही. या बाबतीत माझ्या आईइतकं कडक माणूस मराठवाड्यात नाही. शिळं पाणी झाडाला, शिळं पाणी फरशीला, शिळं पाणी मोरीत, पण भांडं आधी रिकामं, मग धुऊन, मग ताजं. घरात एखाद्या भांड्यात शिळं पाणी राहिलं तर तिला झोप लागत नाही.

मी लेन्सची डबी स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवायला लागलो, कारण घरात उजेडाची जागा तेवढीच. दोन छोट्या वाट्या जोडलेल्या, वर झाकणं. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्याच्यात काय हाय?"

"लेन्स. औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या."

"कधीचं पाणी?"

"रात्रीचं."

"रात्रीचं," ती एवढंच म्हणाली. तिच्या तोंडावर जे आलं ते मला लेन्स डबीत आणि चष्मा उशाशी असल्यामुळं दिसलं नाही. दिसलं असतं तर मी डबी उशाखाली घेऊन झोपलो असतो.

नाटकाचा दिवस उजाडला तोच पाणी घेऊन. पहाटे गल्लीत हाक आली, आणि मी रात्रीच्या तालमीनं दमून घोरत असताना आईनं एकटीनं सगळं घर भरलं. मी उठलो, साबणानं हात धुतले, कोरडे केले, अगदी नियमानं डबी उघडली आणि लेन्स डोळ्यांत घातल्या. जरा चुरचुरलं. मला वाटलं, आज सम्राटपण अंगात येतंय.

रंगीत तालीम सकाळीच होती. दरबाराचा प्रवेश संपेपर्यंत उजव्या डोळ्यात कुणीतरी खडी टाकून वर रोलर फिरवतंय असं वाटायला लागलं. डाव्यातही तेच, पण तिथं रोलर अजून यायचा होता. पाणी इतकं वाहत होतं की समोर आणखी एक घर भरून झालं असतं.

दाजी जवळ आले. "काय रे, डोळा टमाट्यावाणी झालाय."

"भूमिकेत शिरलोय, दाजी."

"भूमिकेत शिरलास, पण डोळ्यात काय शिरलंय ते बघ."

घरी पळालो. लेन्स निघता निघेनात, डोळ्याला चिकटून बसलेल्या. कशाबशा निघाल्या. डबीत ठेवायला गेलो तर आत नेहमीचं बुळबुळीत सोल्युशन नव्हतं. साधं, पातळ, किंचित तांबूस पाणी होतं. तळाला मातीचा कण.

"आई, डबीला हात लावला होता का?"

आई भाजी निवडत होती. "व्हय. रात्रीचं होतं ना ते. ओतून दिलं. वाट्या विसळल्या, ताजं भरलं. ते पापुद्रे वाहून जाऊ नयेत म्हणून बोटानं दाबून धरले होते बघ, तुझे हाल नकोत म्हणून."

तिच्या आवाजात अभिमान होता. मी उजेडाकडं पाठ करून उभा राहिलो.

दवाखान्यात मला दाजींनी स्कूटरवर नेलं. रस्त्यात त्यांनी एकदाही मला टोमणा मारला नाही, यावरून ते किती खुशीत होते ते कळत होतं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळा थेंब टाकला, निळा दिवा लावला आणि यंत्रातून बराच वेळ बघत राहिल्या. मग मी सगळं सांगितलं. पाणी, डबी, बोट.

त्यांनी माझ्या हातातली डबी घेतली आणि लेन्ससकट कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"वक्तावर आले," त्या म्हणाल्या. "बुबुळावर बारीक ओरखडे आहेत. थेंब देते, भरून येतील. पण नळाच्या पाण्यात एक बारीक जीव असू शकतो. लेन्सला चिकटला, लेन्सखाली राहिला, तर बुबुळ खातो. महिनोन्महिने इलाज चालतो, नजर पण जाते. म्हणून रोज येऊन दाखवायचं, आणि मी सांगेपर्यंत लेन्स बंद."

दाजी मागून म्हणाले, "मॅडम, तेच पाणी आम्ही जन्मभर पितोय."

"पोटात ॲसिड असतं, दाजी. डोळ्यात काय असतं? पापणी."

बाईही त्यांना दाजी म्हणाल्या. दाजींचं असंच आहे, भेटेल तो त्यांचा सासरचा होतो.

मी शेवटचा प्रयत्न केला. "मॅडम, फक्त आज संध्याकाळी. नवी जोडी द्या. दीड तास. मी सम्राट आहे."

"सम्राटाला दोन डोळे पाहिजेत की दीड तास?"

"तर मग आज ह्यांना जमायचं नाही म्हणायचं," दाजी म्हणाले. आवाजात दुःख इतकं काठोकाठ की ते सांडू नये म्हणून त्यांनी मिशी धरली होती.

"कायकू नाही जमायचं?" बाई म्हणाल्या. "चष्मा आहे ना."

घरी येऊन आईला सांगितलं. ती मान खाली घालून भाजी निवडत राहिली. निवडून झालेलीच पुन्हा निवडायला लागली. मग म्हणाली, "शिळं पाणीच पाहिजे असा कोणता अवयव असतोय का माणसाला?"

"शिळं नको. ते औषध रोज ओतून नवीनच घालायचं असतं. पण नवीन औषध. नळाचं पाणी नाही."

तिनं मान वर केली. "म्हणजे ओतून दिलं ते बरोबरच केलं मी."

"ओतलं ते बरोबर."

"मग भरण्यात काय ते जरा चुकलं."

एवढ्यावर आमचं मिटलं. पण दुपारी तिनं चहा घेतला नाही, आणि माझा चष्मा साडीच्या पदरानं पुसून पुसून इतका स्वच्छ केला की काच पातळ होते की काय असं वाटलं.

सरांनी निर्णय माझ्यावर सोडला. चष्मा घालून सम्राट होऊ द्यायला ते तयार नव्हते, आणि सम्राटपद दाजींना द्यायला मी तयार नव्हतो. "बिनचष्म्याचं करतो," मी म्हणालो. दाजींनी सेनापतीच्या पोशाखाखाली सम्राटाचं धोतर नेसून घेतलं. ते मला कसं कळलं म्हणाल, तर ते खालून दोन बोटं बाहेर लोंबत होतं आणि सगळी गल्ली ते बघत होती. ठरलं असं, की मी चुकीच्या दिशेला निघालो तर दाजी खोकतील.

संध्याकाळी मैदान भरलं. "जय भीम, जय भीम" करत माणसं येत होती, पोरं पुढं सतरंजीवर, बायका डावीकडं, आई पहिल्या रांगेत.

पहिला अंक उत्तम गेला. सिंहासनावर बसायचं होतं. सिंहासनावर बसलेल्या माणसाला काही दिसलं नाही तरी राज्य चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. लोक येतात, मुजरा करतात, जातात. मी प्रत्येकाकडं बघून गूढ हसत होतो. एका खुर्चीलाही मी माफी दिली, पण ती दया समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या अंकात कलिंग आलं. रंगमंचावर प्रेतंच प्रेतं, बहुतेक गल्लीतली पोरं. लाल दिवा लागला. मला चालत पुढं यायचं होतं, थांबायचं होतं, बघायचं होतं आणि मोडून पडायचं होतं. चाललो. पहिल्याच पावलाला एका प्रेताच्या हातावर पाय पडला.

"आई गं," प्रेत म्हणालं.

"कोण हा आक्रोश करतो?" मी वेळ मारून नेली.

"मी, मामा," प्रेत म्हणालं.

पुढं गेलो. डावीकडं खोकला. उजवीकडं वळलो, तर तिथंही खोकला. समोरही खोकला. एकटे दाजी सगळीकडून खोकत होते. माझ्या मनात आलं, हा माणूस मला खोकून खोकून रंगमंचावरून खाली पाडतोय. धोतर नेसूनच आलाय. मी पडलो की पोशाख उतरवायचा आणि सम्राट व्हायचं. मी रागानं दोन ढांगा टाकल्या, समोरच्या अंधारात हात पसरला आणि भाषण सुरू केलं, "पाहा, हा माझा विजय पाहा."

तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. दंड धरण्याची ती पद्धत मी ओळखतो. आई रंगमंचावर चढून आली होती. प्रेतं ओलांडत, एकेकाला "सरक रे" म्हणत आली. तिनं पदरातून चष्मा काढला आणि सम्राटाच्या मुकुटाखाली, दोन्ही कानांमागं नीट बसवला.

"राहू दे हा," ती म्हणाली. माईक अगदी जवळ होता. "काय केलंयस ते तुला दिसंना गेलंय."

तिला माझ्या पावलांबद्दल म्हणायचं होतं. पण लोकांना ते कसं ऐकू गेलं ते मला मागाहून कळलं.

मला दिसायला लागलं. पहिल्यांदा दिसली रंगमंचाची कड, माझ्या अंगठ्यापासून वीतभर. खाली दगडी फरशी. आणि कडेच्या खाली, त्या फरशीवर, दाजी. दोन्ही हात वर पसरून, दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून, घामानं निथळत, मला झेलायला उभे. ते खोकत पळत होते, डावीकडून उजवीकडं, मी जिकडं जाईन तिकडं, खालच्या खाली. सेनापतीचा पोशाख सुटला होता, आतलं धोतर पायात आलं होतं. त्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. ते फक्त माझ्याकडं बघत होते. आता खोकायचंही विसरले होते.

मी मागं वळलो. प्रेतं दिसली. एक शेंगदाणे खात होतं. एक दुसऱ्याच्या पोटावर डोकं ठेवून आरामात होतं. माझा भाचा, ज्याच्या हातावर मी पाय दिला होता, तो बोटांवर फुंकर घालत होता. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून थेंबांचं औषध, पाणी आणि आणखी जे काय होतं ते सगळं एकदम वाहत होतं. लालभडक डोळे, वर मोहरीएवढे. मी गुडघ्यांवर बसलो. भाच्याचा हात हातात घेतला आणि माझं वाक्य म्हणालो, "कुणाचा हा विजय?" इतकी वर्षं ते वाक्य प्रेत होऊन पडल्या पडल्या ऐकलं होतं.

मागच्या रांगेतली एक म्हातारी हुंदके देऊन रडली. सतरंजीवरची पोरं रडली. मंडपवाला रडला, आणि मंडपवाला आजवर फक्त हिशेब होताना रडला होता. आई तशीच माझ्या शेजारी उभी राहिली, कारण उतरायचं कुठून ते तिला कळेना. लोकांना वाटलं, ती सम्राटाची आई. प्रवेश संपला तेव्हा पुढच्या रांगेतले एक बाबा उभे राहून सरांना म्हणाले, "इतक्या वर्षांत आज समजलं, सम्राटाला काय झालं ते."

सरांनी ते श्रेय घेतलं. लेखक आहेत.

डोळे बरे झाले. रोज जाऊन दाखवले, थेंब टाकले, ओरखडे भरून आले, तो पाण्यातला जीव काही आला नव्हता. पुढं बाईंनी नव्या लेन्सलाही परवानगी दिली. नवी डबी आता माझ्या कपाटात असते, आणि आई तिला हात लावत नाही. पण पहाटे पाणी आलं की हंडा भरता भरता आतून हाक येते, "तुझ्या डबीतलं रात्रीचं ओतलंस का?" आणि मी उठतो, हात धुतो, कोरडे करतो, रात्रीचं ओततो. दाजींनाही हल्ली पेपर लांब धरून वाचावा लागतो. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून चष्मा करून आणला आणि मला म्हणाले, "नंबर लई लागला नाही. तुझ्यावाणी नाय."

आता पुन्हा जयंती जवळ आलीय. सरांनी नाटकात राजमातेची भूमिका नव्यानं लिहिलीय. आईला संवाद माझ्याहून जास्त आहेत आणि तिला ते पाठ आहेत. मी लेन्स घालून तालमीला गेलो, तर सर म्हणाले, लेन्स नको. चष्मा राजमाता आणून देणार, मग सम्राटाला दिसणार, लोक त्यासाठीच येणार आहेत. मी म्हणालो, मग लेन्स घालतो आणि ती देईल तो चष्मा बिनकाचेचा ठेवू. आई म्हणाली, "बिनकाचेचा चष्मा मी माझ्या हातानं कुणाला घालणार नाय."

तेव्हा यंदाही सम्राट दीड अंक आंधळाच. लेन्स कपाटात, ताज्या सोल्युशनमध्ये. आणि रंगमंचाखाली फरशीवर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून, दाजी खोकायची तालीम करतायत.